तक्रारदार मी, कैफियतही माझीच

वकील न लावता ग्राहक आयोगात केस कशी करायची, हे तुम्ही मला झोपेतून उठवलंत तरी मी सांगीन. आधी रजिस्टर पोस्टाने नोटीस. मग तक्रार, सोबत प्रतिज्ञापत्र, कागदपत्रांची यादी, प्रत्येकाच्या तीन प्रती. रक्कम लहान असेल तर फीसुद्धा पडत नाही. केस कधी करू नये, हे मात्र कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं नसतं. ते मला स्वखर्चाने शिकावं लागलं.

मी नृसिंह. पारनेरला एका सरकारी कार्यालयात एकोणतीस वर्षं आवक-जावक टेबलावर आहे. येणारा कागद नोंदवायचा, जाणारा कागद नोंदवायचा. (मधल्या काळात त्या कागदाचं काय होतं, हे मला कधीच कळलेलं नाही.) पण एवढ्या वर्षांत माझं अक्षर आणि माझी कागदी भाषा पक्की झाली, आणि गल्लीतल्या कुणालाही अर्ज लिहायचा असला की तो माझ्याकडे येऊ लागला. सगळ्यात जास्त आले ते भिमाजी. गल्लीच्या टोकाला त्यांची पिठाची गिरणी आहे. वीजबिलाची तक्रार असो की पीक नुकसानीचा अर्ज, वीस वर्षं त्यांचा प्रत्येक कागद मी लिहिला. शाळा तिसरीपर्यंतच झालेली, त्यामुळे सहीपुरतं लिहायचे, बाकी सगळं ‘भाऊसाहेब बघतील’.

त्यांच्या बायकोचं, मालनबाईंचं, आमच्यावर फार मोठं ऋण आहे. सुचित्रा लग्न होऊन श्रीरामपूरहून इथे आली तेव्हा तिला गावात कुणी ओळखत नव्हतं. ती दळण घेऊन गेली आणि मालनबाईंनी तिला गिरणीतच पोत्यावर बसवून घेतलं, ती जी बसली ती अजून उठलेली नाही. आमच्या यामिनीला सव्वा महिना न्हाऊ घातलं ते मालनबाईंनीच. सुचित्राला सख्खी बहीण नाही. तिच्या लेखी बहीण म्हणजे मालनबाई. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरीही मी ते केलं.

झालं असं. गेल्या वर्षी यामिनीचा पहिला दिवाळसण होता. सुचित्राने चकलीसाठी भाजणी भाजली, डब्यात भरली आणि मला म्हणाली, “भिमाजींना सांगा, डाळीवर दळा म्हणावं. गव्हावर अजिबात नको.” ज्यांनी कधी दळण नेलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या आधी जात्यात जे दळलं असेल त्याचं थोडं पीठ आपल्या दळणात येतं. भाजणीत गव्हाचं पीठ आलं की चकली मऊ पडते. गिरणीत डबा रांगेत ठेवायचा आणि कशावर दळायचं ते तोंडी सांगून यायचं, अशी पद्धत आहे. मी डबा ठेवला, सांगितलं आणि आलो. (सांगितलंच असणार, असं मी पुढे चार महिने समजत होतो.)

चकल्या मऊ पडल्या. साध्यासुध्या मऊ नव्हे, उचलली की दोन्ही बाजूंनी मान टाकायची. जावई सुश्रुत हा सभ्य मुलगा. त्याने दोन खाल्ल्या आणि आदराने विचारलं, “छान आहे हे. काय म्हणतात याला?”

सुचित्रा उठून आत गेली. मी तिच्या मागे गेलो. ती ओट्याला टेकून उभी होती आणि डोळ्याला पदर होता. “जाऊ द्या,” ती म्हणाली, “गर्दी असते दिवाळीत. झालं असेल चुकून.”

ती जाऊ द्या म्हणाली, पण माझ्यातला आवक-जावक लिपिक जागा झाला होता. आपण ग्राहक आहोत. ही सेवेतील त्रुटी आहे. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी तीन पानी नोटीस लिहिली. भाजणी अडीच किलो, तेल, गॅस आणि ‘जामातांसमक्ष झालेली मानहानी’ मिळून पाच हजार रुपये पंधरा दिवसांत द्यावेत. टायपिंग मला आवडत नाही, म्हणून सगळं हाताने, पाकिटावरचा पत्तासुद्धा. रजिस्टर केलं आणि घरी काही बोललो नाही. मला वाटलं, पैसे येतील, मी ते सुचित्राच्या हातावर ठेवीन आणि तिला अभिमान वाटेल. (भिमाजींना काय वाटेल, हे कलम मी मसुद्यात धरलंच नव्हतं.)

चौथ्या दिवशी संध्याकाळी भिमाजी दारात उभे. हातात माझंच पाकीट.

“भाऊसाहेब, रजिस्टर आलंय. वाचून सांगा की.”

बघा, नोटीस कुणाला पाठवायची याचा मी विचार केला होता, पण ती तो माणूस वाचायला कुणाकडे नेईल याचा केला नव्हता. पारनेरात त्याला दुसरं कोण होतं?

मी वाचली. भाजणी, तेल, गॅस. जामात आले तिथे घसा खाकरला. नाव आलं ते गाळलं.

“धाडलीय कुनी पर?” भिमाजींनी विचारलं.

“सही जरा गिचमिड आहे. लागत नाही.”

“गिचमिड हाय व्हय?” त्यांनी कागद हातात घेऊन बघितला. “व्हय. तुमच्यावानी सुबक न्हाई.” मग म्हणाले, “भाऊसाहेब, मी काय म्हंतो, फाडून टाकू का ह्ये?”

आता तुम्ही माझ्या जागी असता तर ‘फाडा’ म्हणाला असता. गोष्ट तिथेच संपली असती. पण एकोणतीस वर्षांत मी कुणाला कागद फाडू दिलेला नाही. माझ्या तोंडून आपोआप निघालं, “अहो, कागद फाडायचा नसतो! तारीख टाका आणि जपून ठेवा.”

“बरं,” भिमाजी म्हणाले आणि कागदाची घडी करून टोपीखाली ठेवली.

पंधरा दिवस गेले. मी तिथे थांबू शकलो असतो. पण नोटिशीची मुदत संपली आणि पुढची कार्यवाही झाली नाही, तर मला रात्रीचं जेवण जात नाही. एक रजा टाकून मी नगरला गेलो आणि तक्रार दाखल केली. प्रतिज्ञापत्रात शपथेवर लिहिलं, ‘सामनेवाले यांना डाळीवर दळण्याची स्पष्ट सूचना दिली होती.’ खिडकीतल्या बाईंनी कागद चाळले आणि म्हणाल्या, “वकील न लावता इतकी व्यवस्थित फाईल पहिल्यांदाच बघतेय.” परतीच्या एसटीत मी सुप्यापर्यंत हसत होतो.

आयोगाची नोटीस आली. भिमाजी पुन्हा दारात. आता मागे मालनबाईही होत्या. त्या सुचित्राला म्हणाल्या, “वैनी, कोर्टाचा कागद आलाय म्हनं. आमी कदी कोर्टाची पायरी चढलो न्हाई. ह्यांना झोप न्हाई आठ दिस. जेवत न्हाईत.”

सुचित्राने त्यांचा हात धरला. “अहो, काळजी कशाला करता? हे आहेत ना. हे लिहून देतील उत्तर.” आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मन लावून लिहा हं.”

आणि मी मन लावून लिहिलं, काय सांगू! समोर कोरा कागद आला की मला बाजू राहत नाही. मी भिमाजींना समोर बसवलं आणि रीतसर विचारलं, “त्या दिवशी डबा कुणी आणला, काय सांगितलं, आठवेल तसं सांगा.”

“काय सांगितलं न्हाई भाऊसाहेब,” भिमाजी जमिनीकडे बघत म्हणाले. “मानूस फोनवर बोलत आला. डबा ठिवला. म्या हाक मारली, कशावर दळू? त्यानं हात हालवला आन् गेला. मंग म्या गव्हाची पाळी चालू हुती तिच्यावरच टाकलं.”

पेन माझ्या हातात तसाच राहिला. मला तो फोन आठवला. नगरच्या ऑफिसातून एका हरवलेल्या टपालाबद्दल होता. ‘नाही, आलेलंच नाही’ म्हणताना मी हात हलवला होता. भिमाजींना हात दिसला होता, आणि मी त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं.

तेव्हा तरी सांगायचं ना! पण मालनबाई समोर होत्या, सुचित्रा चहा गाळत होती. मी खाली मान घालून कैफियत लिहिली, ‘तक्रारदार यांनी कोणतीही सूचना दिली नाही. विचारणा केली असता केवळ हात हलवून ते निघून गेले. तक्रार खोटी असून फेटाळावी.’ एकही खाडाखोड नाही. माझ्या आयुष्यातलं ते सर्वोत्तम लेखन आहे.

तारखेच्या दिवशी गिरणी बंद राहिली. गल्लीला आठवतं तेव्हापासून ती कधी सणाशिवाय बंद नव्हती. सकाळच्या गाडीला भिमाजी धुतलेलं धोतर नेसून माझ्या शेजारी येऊन बसले. “मला कुठं ठाव हाय कोर्ट? तुमच्यासंगंच येतो.” मी का निघालो आहे, हे त्यांनी विचारलं नाही. वाटेत त्यांनी फडकं सोडलं, अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. ठेचा तिखट होता म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं मी त्यांना सांगितलं.

शिपायाने पुकारा केला. “तक्रारदार नृसिंह...” मी उभा राहिलो. शेजारी भिमाजीही उभे राहिले, टोपी हातात घेऊन, माझ्याकडे न बघता.

अध्यक्ष मॅडमनी दोन्ही कागद वाचले. मग चष्मा काढून पुन्हा वाचले. “हे अक्षर एकच कसं?”

भिमाजी हात जोडून म्हणाले, “मॅडम, माझा जबाब ह्याच साहेबांनी लिव्हलाय. आमची समदी कागदं त्येच लिव्हत्यात. त्ये म्हनतील त्येच खरं.”

मागे कुणीतरी वकील फिस्सकन हसला. मॅडम मला म्हणाल्या, “तक्रारीत तुम्ही शपथेवर सांगता, सूचना दिली. कैफियतीत तुम्हीच लिहिता, दिली नाही. खरं कोणतं?”

“मॅडम, दोन्ही कागद नियमानुसार...”

“नियमाचं नाही विचारलं. खरं विचारलं.”

“कैफियत,” मी म्हणालो.

मॅडमनी मला तक्रार मागे घेत असल्याचं लिहून द्यायला सांगितलं. मी लिहून दिलं. एकाच केसमध्ये तक्रार, कैफियत आणि माघार, तिन्ही माझ्या हातची. खोट्या शपथेवरून मॅडमनी पुढे काही केलं नाही. त्यांना माझी कीव आली असावी, आणि ते शिक्षेपेक्षा कमी नव्हतं.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, “भिमाजी, मला माफ करा. तुम्हाला कधी कळलं?”

“पयल्या दिशीच. पाकीट पोष्टमननं हातात दिलं तवाच. ईस वर्सं तुमचं अक्षर बघतोय, वाचता न्हाई आलं तरी वळखू येतं की.”

“मग माझ्याकडे कशाला आलात वाचायला?”

“म्हनलं, समोर जावं. भाऊसाहेब लाजतील, हसतील, म्हनतील चुकलं. म्या इचारलंबी, फाडू का म्हून.” ते खिडकीबाहेर बघत राहिले. “तुमी म्हनला, जपून ठिवा.”

सुपा आल्यावर मी विचारलं, “आता इथून पुढे कागद आणाल ना माझ्याकडे?”

“बघू,” भिमाजी म्हणाले. वीस वर्षांत त्यांनी मला कधी ‘बघू’ म्हटलं नव्हतं. ते मला अजून लागतं.

पारनेरला उतरल्यावर त्यांनी पावशेर पेढे घेतले. भिमाजींनी नगरहून फोन केला होता, त्यामुळे आम्ही गल्लीत शिरलो तर मालनबाईंनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं. माणसं ओट्यांवर येऊन उभी. कुणीतरी माझाच हात हातात घेऊन हलवला. “भाऊसाहेब, तुम्ही लिहिलं म्हणून भिमाजी सुटले! नाहीतर गरिबाचं काय खरं होतं!” भिमाजींनी पहिला पेढा माझ्या तोंडात घातला. मी तो गिळला.

शेजारच्या छबूबाईंनी विचारलं, “पर केस केली हुती कुनी? येवढ्याशा पिठापायी कोर्टात जानारा येडा हुता तरी कोन?”

मी भिमाजींकडे बघितलं. भिमाजी टोपी सारखी करत म्हणाले, “हुता नगरकडचा कुनीतरी. आपल्याला काय करायचंय?” मी सुटकेचा श्वास सोडला. त्या माणसाचे पाय धरावेत असं वाटलं.

तेवढ्यात सुचित्रा चहाचा ट्रे घेऊन दारात आली. तिने पहिला कप भिमाजींना दिला, दुसरा मालनबाईंना. माझ्यापर्यंत कप आलाच नाही.

“नगरचा नाही हो छबूबाई,” ती शांतपणे म्हणाली. “रजिस्टरची पावती मला त्याच्याच खिशात सापडली. चांगला ओळखते मी त्याला. अठ्ठावीस वर्षं दोन वेळचं रांधून घालतेय.”