डॉक्टरांचे कान

आंघोळीला बसलेल्या डॉक्टरांनी डोक्यावर तांब्या ओतला आणि त्यांचे दोन्ही कान बंद झाले. आतला मळ पाण्यानं फुगला होता. दवाखान्यात सिस्टरनं बॅटरी लावून पाहिलं आणि मान हलवली.

"पार दगड झालाय. थेंब घालत राहू. मऊ पडला की पिचकारी मारू."

"कोण बिचारी?" डॉक्टरांनी विचारलं.

आसपासच्या सगळ्या वस्त्यांना मिळून दवाखाना हा एवढाच. बदली डॉक्टर मागितला, तर तोच आजारी असल्याचं वरून कळलं. तेव्हा डॉक्टर निमूटपणे खुर्चीत बसले. तपासायच्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा होता आणि पडद्याला लागूनच बाहेरचा बाक.

पहिले आत आले ते निवृत्त मास्तर. इकडेतिकडे बघत ते कुजबुजले, "मूळव्याध आहे."

"मुलगा बाद? कुठल्या परीक्षेत?"

"मूळव्याध, मूळव्याध!"

"जरा मोठ्यानं सांगा."

मास्तरांनी हजेरी घ्यायच्या आवाजात सांगितलं. बाहेर बाकावर त्यांचेच जुने विद्यार्थी बसले होते. हसलं कुणी नाही, पण सगळ्यांना एकदम खोकला आला. मास्तर औषध न घेताच मागच्या बाजूनं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट झाली. "यातले निम्मे धडधाकट आहेत," सिस्टर करवादली. "गंमत ऐकायला आलेत मेले!" आणि ज्यांना खरंच काही होत होतं, ते येईनासे झाले. कुणाची तरी सून समोरच्या झाडाखाली पाठमोरी उभी होती. बाक काही रिकामा होईना, तशी दुपारी ती परत गेली. डॉक्टरांनी तिला खिडकीतून पाहिलं. हाक मारावी, तर सगळा बाक वळून बघणार. त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा न उघडताच घरी नेला.

मग गिरणीवाला आला. वाळून काडी झाला होता.

"खोकला कधीपासून?"

"पिठाचा आहे हो. गिरणीत चालायचंच."

डॉक्टरांनी छातीला नळी लावली. भिंतीला लावल्यासारखं वाटलं. "आणखी काही होतं?"

गिरणीवाला पडद्याकडे बघत काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं!"

"रक्त पडतं!" चालू गिरणीत ओरडायची सवय असलेला तो आवाज बाकाच्या टोकापर्यंत गेला.

त्या टोकाला त्याचा धाकटा भाऊ बसला होता. टेंपो चालवायचा, बोट कापलं म्हणून आला होता. घराच्या मधल्या भिंतीवरून दोघांचं बोलणं तुटलं होतं. इतकं, की धाकटा दळण घेऊन परगावी जायचा.

डॉक्टरांनी सिस्टरला खूण केली. मळ पुरता भिजला नव्हता, तरी तिनं कोमट पाण्याची पिचकारी मारली. डॉक्टर कळवळले आणि कान उघडले. पंखा, नळ, बाहेरची कुजबुज, सगळं एकदम आत घुसलं. त्यांनी पुन्हा नळी लावली. उजवीकडे वरच्या बाजूला चुरचुर ऐकू आली. ऐकून त्यांना वाटलं, कान बंद होते तेच बरं होतं.

"मोठ्या दवाखान्यात जावं लागेल. फोटो काढायचा, थुंकी तपासायची. उद्याच."

"जाऊ कसा? तुमची गाडी?"

"दुरुस्तीला गेलीय," सिस्टर म्हणाली. "गेलीय ती गेलीच."

"मग राहू दे." शर्टाची बटणं लावत गिरणीवाला बाहेर जाऊन बसला.

धाकटा आत आला. बोट पुढे करून खालच्या आवाजात म्हणाला, "त्याला मी नेतो. पण मी म्हणालो असं सांगू नका."

डॉक्टरांना शब्द न् शब्द ऐकू आला. त्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात?"

सिस्टरनं बोलायला तोंड उघडलं. डॉक्टरांनी टेबलाखालून तिचा पाय दाबला.

"मी नेतो म्हटलं!"

"कुणाला?"

"दादाला!" इतक्या वर्षांनी तो शब्द तोंडातून निघाला आणि धाकटा स्वतःच दचकला. "माझ्या दादाला! सकाळी टेंपो काढतो!"

बाहेर सगळा बाक गिरणीवाल्याकडे वळला. मग गिरणीवाल्याचा खोकला सुरू झाला, लांबलचक. तो थांबल्यावर पडद्यापलीकडून आवाज आला, "सिस्टर, त्याला सांगा, तोंडाला फडकं बांधून ये. माझं दुखणं त्याला नको लागायला."

"ऐकलं मी," धाकटा म्हणाला, पण इतकं हळू, की ते फक्त डॉक्टरांनाच ऐकू आलं.