ओंजळभर जवारी

प्रेमदासनं सकाळपासून अंगणात कोंबडीला पाऊल टाकू दिलं नव्हतं. शेळ्या शेतावर धाडल्या होत्या, कुत्रं बांधून घातलं होतं आणि शेडच्या दारात चपला काढायचा नियम केला होता. त्या नियमातून बायको दिपासुद्धा सुटली नव्हती. आज तपासणी होती. पेमा नाईक तांड्याची हळद मोरोक्कोला निघाली होती, आणि ती बोटीत चढायच्या आधी तिच्यात किडा, माती किंवा दुसऱ्या कशाचं बी तर नाही ना, हे बघायला सरकारच्या बाई येणार होत्या.

आखाडा बाळापूरच्या बाजारात हळद नेणारे ढिगानं सापडतील, पण परदेशात माल धाडणारा या भागातला हा पहिलाच तांडा. घरोघरची हळद प्रेमदासनं एकत्र आणली, उकडली, ताडपत्रीवर वाळवली, पॉलिश करून नव्या कोऱ्या पोत्यांत भरली. पोत्यावर तांड्याचं नाव टाकायचं ठरलं तेव्हा माल परदेशी धाडणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, इंग्रजीत टाका, तिकडं मराठी कोण वाचतं. प्रेमदासनं इंग्रजीत टाकलं आणि त्याच्याखाली त्याहून मोठ्या अक्षरात मराठीतही टाकलं. म्हणाला, "न्हाई वाचता आलं तर विचारतील. विचारू दे की."

पेमा नाईक म्हणजे प्रेमदासचा पणजा. बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख तुडवणारा माणूस. बैल गेले, मीठ गेलं, तांडा एका जागी बसून शेती करू लागला; पण नाव राहिलं होतं. ते आता समुद्रापार जाणार म्हणून प्रेमदासची छाती अशी फुगली होती की सदऱ्याची गुंडी लागत नव्हती. पार पुसेगावच्या सासुरवाडीपर्यंत त्यानं पेढे वाटून टाकले होते. तपासणी अजून व्हायची होती, ही गोष्ट वेगळी. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. आता माल नापास झाला असता, तर त्याच गावांतून तोंड लपवून फिरायची पाळी होती, आणि कंपनी पुन्हा तांड्याची पायरी चढणार नव्हती.

तपासणीच्या बाई, नीलांबरी मॅडम, वयानं लहान आणि बोलायला गोड निघाल्या. प्रेमदासला वाटलं, चला, अर्धी लढाई जिंकली. त्याची आई पारुबाई पुढं झाली. आजच्या दिवसासाठी तिनं पेटीतली आरशांची कांचळी, तांड्याची ठेवणीतली चोळी, काढून घातली होती. तिनं मॅडमच्या खांद्यावरची पर्स उतरवून घेतली आणि घरात खुंटीला लावली. चहा मात्र मॅडमनी घेतला नाही. आधी काम म्हणाल्या, चपला काढून शेडमध्ये शिरल्या आणि एक पोतं उघडायला सांगितलं.

वरची, मधली, तळची अशी हळकुंडं त्यांनी चाळणीत घेतली आणि पांढऱ्या ट्रेवर चाळली. ट्रेमध्ये टप टप दाणे पडले.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

प्रेमदास वाकला आणि त्याचा चेहरा खुलला. "जवारी हाय मॅडम. आमच्याच रानातली. दाणा बघा कसा मोत्यावानी हाय."

"प्रेमदासजी, ती हळदीच्या पोत्यात काय करते आहे?"

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. मॅडमनी दुसरं पोतं उघडायला सांगितलं. त्यातही जवारी. तिसऱ्यातही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. इथं शीतच दुसऱ्या भाताचं निघत होतं. मॅडमनी शांतपणे समजावलं की उगवू शकणारा एक दाणाही परक्या देशात जाऊ देता येत नाही, त्याच्याबरोबर इथला रोग तिकडं जातो. असा माल पास होत नाही.

प्रेमदासनं आधी पाखरांवर ढकललं. छपराच्या फटीतून चिमण्या येतात म्हणाला. मॅडम म्हणाल्या, चिमण्या सगळ्या पोत्यांना सारखा वाटा देत नाहीत. मग त्याच्या मनात आला रणजीत. रणजीत म्हणजे चुलतभाऊ. त्यानं हळद उघड्या जमिनीवर वाळवली म्हणून प्रेमदासनं ती घेतली नव्हती, आणि तेव्हापासून दोघांची तोंडं दोन दिशेला होती. हे त्याचंच काम, असं म्हणून प्रेमदासनं मॅडमसमोरच फोन लावला आणि नको ते बोलला.

रणजीत मोटारसायकलवर धुरळा उडवत आला. चपला काढल्या नाहीत, फाटक लावलं नाही, सरळ शेडमध्ये घुसला. "माझ्या घरी यंदा जवारी हाय तरी का? सगळ्या रानात सोयाबीन केलं म्या. खायची जवारी तुझ्याच घरून नेली, विचार वहिनीला. अन् भाऊ, तांड्याचं नाव काय तुझ्या एकट्याचं हाय? पेमा नाईक माझाबी पणजाच व्हता."

प्रेमदास काही बोलेपर्यंत उघड्या फाटकातून सकाळपासून उपाशी ठेवलेली कोंबडी आत आली होती. तिला ना मोरोक्को ठाऊक, ना नियम. ती टुणकन टेबलावर चढली आणि ट्रेमधली जवारी टिपू लागली. प्रेमदासनं तिला हाकललं नाही. उलट, ट्रे साफ झाल्यावर आशेनं म्हणाला, "मॅडम, आता तर न्हाई जवारी."

"आता शेडमध्ये कोंबडीची पिसं आहेत," मॅडम म्हणाल्या.

प्रेमदास मटकन खाली बसला. बिचाऱ्याची ती अवस्था दिपाला बघवेना. ती पदराचं टोक पिळत पुढं आली आणि हळूच म्हणाली, "जवारी आत्याबाईंनी टाकली. म्या पोत्यांची तोंडं धरली व्हती."

सगळे दाराकडं वळले. दारात पारुबाई उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर पस्तावा औषधालाही नव्हता.

"टाकली, व्हय," ती म्हणाली. "तू बाजारला गेलता तवा टाकली. तू कोंबड्या हाकलल्या, चपला काढल्या, पण शकुन कुणी करायचा? बैलांवर माल लादून लदेणीचा तांडा निघाला की हरेक गोणीत घरची ओंजळभर जवारी पडायचीच. माझ्या सासूनं सांगितलंय मला. मालाला माघारी यायची वाट ठाव राहते."

प्रेमदासनं कपाळावर हात मारला. आईला तो तांड्याच्या बोलीत याडीच म्हणायचा. "याडी, अगं माल माघारी येऊ नये म्हणून तर ही सगळी तकलीफ करून राहिलो ना."

मॅडमना हसू आवरलं नाही. पारुबाई मात्र हसली नाही. पोराच्या अकलेची तिला कीव आली होती. "माल न्हाई रे येत माघारी. नाव येतंय. परमुलखात माणसं नाव घेतात, ते घरी येतं. तुला काय कळतंय त्यातलं."

मॅडमनी एक वाट काढून दिली. शेड झाडून, सगळी पोती उपसून चाळली, तर गाडी निघायच्या आधी त्या पुन्हा तपासायला तयार होत्या. प्रेमदास उठला, पण एकट्याच्या हातानं ते होण्यासारखं नव्हतं, आणि ज्याला मदत मागावी त्याला तर आत्ताच शिव्या दिल्या होत्या. तो रणजीतकडं बघेना. रणजीतनं मात्र बाहेर जाऊन चपला काढल्या, डोक्याला रुमाल बांधला आणि पहिलं पोतं खाली घेतलं.

मग अख्खा तांडा लोटला. बाया घरोघरच्या चाळण्या घेऊन आल्या. ताडपत्रीवर हळदीचे ढीग पडले, हात पिवळे झाले, नाकं पिवळी झाली, आणि लग्नात नाही एवढी हळद सगळ्यांना लागली. एक एक दाणा वेचला गेला. कुणी कुरकुर केली नाही, कारण पोतं कुणाच्याही हातात असो, त्यावर नाव सगळ्यांचं होतं. प्रेमदास हे बघत होता. मग रणजीतला म्हणाला, "पुढच्या साली ताडपत्रीवर वाळव. तुझी हळद पहिल्यांदा भरू." रणजीत बघू म्हणाला, पण हसला.

मॅडमनी पुन्हा पोती उघडली, पुन्हा चाळली, भिंग लावून बघितलं. दाणा नाही, किडा नाही, पीस नाही. माल पास झाला आणि पोती गाडीत चढली.

चालकानं गाडी सुरू केली, तर पुढं पारुबाई बसलेली. मांडी घालून, रस्त्याच्या मधोमध.

"बिनशकुनाची गाडी हितून हालायची न्हाई," ती म्हणाली.

प्रेमदासनं हात जोडले, दिपानं समजूत घातली, रणजीतनंही घातली. म्हातारी ढिम्म. एक दाणा गेला तर कायदा आडवा, नाही गेला तर आई आडवी. अखेर मॅडम तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "आजी, माझा नाइलाज आहे. पोत्यात नको, गाडीत नको. एवढं ऐका माझं."

पारुबाईनं मॅडमकडं नीट बघितलं. "पोत्यात नको, गाडीत नको?"

"नको."

"बरं," पारुबाई म्हणाली आणि उठली. निमूट घरात गेली, सगळ्यांना चहा केला. मॅडमची पर्स खुंटीवरून स्वतः काढून आणली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या खांद्याला अडकवली. याडीला कायदा पटला, असं प्रेमदासला वाटलं. जन्म गेला त्या माउलीजवळ, तरी त्याला असं वाटलं, आता काय बोलावं.

माल बंदरावर पास होतो का, या काळजीत पुढचा आठवडा त्याला जेवण गोड लागलं नाही. मग मॅडमचा फोन आला.

"प्रेमदासजी, मी बंदरावर आहे. इथं जवारी निघाली."

"मॅडम, सगळी पोती तुमच्यासमोर चाळली व्हती."

"पोत्यात नाही," मॅडम म्हणाल्या. "माझ्या पर्समध्ये, एरवी मी उघडत नाही त्या कप्प्यात. तुमच्या मालावर सही करायला त्यातला जादा पेन काढला, तर ओंजळभर जवारी बंदरावरच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर सांडली. इतकी वर्षं लोकांच्या मालातला दाणा न् दाणा मी पकडते. आज माझेच दाणे साहेबांसमोर वेचत बसले. साहेबांनी विचारलं, ही कुठली?"

"मंग तुमी काय सांगितलं?" प्रेमदासनं विचारलं.

"खरं तेच सांगितलं. पेमा नाईक तांडा, जिल्हा हिंगोली. आणि तुमचा कंटेनर बंद झाला, अभिनंदन. आजींना सांगा, जवारी मी घरी नेते आहे."

प्रेमदास फोन हातात धरून अंगणात आला. पारुबाई सुपात जवारी पाखडत होती, आणि कोंबडी तिच्या पायाशी राजरोस टिपत होती.

"कुणाचा व्हता रे?"

"मॅडमचा. याडी, तू त्यांच्या पर्समध्ये जवारी टाकली?"

"पोत्यात नको म्हणली, गाडीत नको म्हणली," पारुबाईनं सूप झटकलं. "पर्सचं काय बोलली न्हाई ती. माल गेला का?"

"गेला."

"अन् तिथं कुणी पेमा नाईकाचं नाव घेतलं का?"

प्रेमदासला एकदम हसूही आलं आणि डोळेही भरून आले. "घेतलं. बंदरावरच्या मोठ्या साहेबासमोर घेतलं. आत्ता फोनवर सांगितलं मला."

"मंग आलं की माघारी," पारुबाई म्हणाली, आणि कोंबडीला आणखी एक मूठ टाकली.