‘हं’चा कारभार

कुटुंबसंस्था तीन गोष्टींवर टिकून आहे : लग्न, स्वयंपाकघर आणि ‘हं’. पैकी पहिल्या दोन गोष्टींवर जाणकारांनी कपाटंच्या कपाटं भरतील इतकं लिहून ठेवलेलं आहे. ‘हं’कडे मात्र कोणी ढुंकूनही पाहिलेलं नाही. वास्तविक घरात दिवसभर जे निर्णय होतात, त्यांतले बहुतेक ‘हं’वरच होतात. ज्या घरात हा उच्चार वेळच्या वेळी होत नाही, तिथून भांडी आपटल्याचे आवाज येतात, हा सर्वांचाच अनुभव आहे. (ज्यांचा नाही, त्यांचं लग्न व्हायचं असावं.)

या क्षेत्रातले एक अधिकारी पुरुष म्हणजे भिंगरीचे बाबा. वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीत ते तक्रार विभागाचे प्रमुख होते. विभागात नवी मुलं लागली की बाबा त्यांना स्वतः ‘हं’ शिकवत. त्यांच्या मते याचे प्रकार तीन. आखूड ‘हं’, म्हणजे ‘आलं लक्षात’. लांबवलेला ‘हंऽऽ’, म्हणजे ‘अरेरे, फारच झालं हो तुमच्या बाबतीत’. आणि शेवटाला जरा उचललेला ‘हं?’, हा ग्राहक बोलता बोलता स्वतःच दमून गप्प झाला, तर आपण जागे आहोत हे कळवण्यासाठी. माणसाला मशीन दुरुस्त करून नको असतं, आपलं कोणीतरी ऐकतंय एवढंच हवं असतं, हा बाबांचा सिद्धान्त. विभागाच्या पाहणीत दहातले नऊ ग्राहक समाधानी निघत. (उरलेल्या एकाचं मशीन खरोखरच बिघडलेलं असे.)

एवढं मोठं कौशल्य कोणी चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवत नाही. बाबाही ते रोज घरी घेऊन येत. भिंगरीची आई औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. डॉक्टरांची अक्षरं लावण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे अस्पष्ट गोष्टींचा सोयीचा अर्थ लावण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ‘हं’ म्हणजे होकार, हा अर्थ तिने लग्नाच्या पहिल्याच वर्षी लावला. हॉलमधला सोफा असाच आला. बाबा त्यावर बरेच दिवस बसले आणि मग एकदा म्हणाले, “हा आपला का?”

पाहुणे आले की म्हणत, “तुमच्या घरात कसा आवाज नाही हो! आमच्याकडे नुसता गोंधळ.” बाबा नम्रपणे हसत. आपण मुलीला आजवर एकदाही ‘नाही’ म्हटलेलं नाही, हे ते पाहुण्यांना आवर्जून सांगत, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

भिंगरी नऊ वर्षांची. एका जागी बसायची नाही म्हणून हे नाव पडलेलं. तिने आईचा शोध पुढे नेला. प्रथम प्रयोगादाखल तिने एका रविवारी आंघोळीला सुट्टी मागितली. “हं.” मिळाली. मग न्हाणीघराच्या भिंतीवर व्हेल मासा काढण्याची परवानगी, तीही मिळाली, फक्त मासा खऱ्याएवढ्या आकाराचा काढायचा असल्याने तो पॅसेजमध्ये वळला आणि शेपूट आईवडिलांच्या खोलीत गेलं. मग मांजर आलं. मांजराला एकटं वाटू नये म्हणून दुसरं आलं. मग वर्गातल्या सगळ्यांना वाढदिवसाला बोलावण्यात आलं. (वाढदिवस मांजराचा.)

दर वेळी आई विचारी, “कुणाला विचारून केलंस हे?”

“बाबांना.”

आणि बाबांचं एक तत्त्व होतं. मुलांसमोर दिलेला शब्द फिरवायचा नाही, त्याने त्यांच्या मनावर परिणाम होतो. त्यामुळे प्रत्येक प्रकरणाला बाबा ताबडतोब कार्योत्तर मंजुरी देत आणि आई ताबडतोब फडकं घेऊन येई. कारभार सुरळीत होता.

पुढे आईच्या बहिणीचं बाळंतपण निघालं आणि आई आठवडाभर तिकडे गेली. जाताना तिने बाबांना बऱ्याच सूचना दिल्या. बाबांनी त्या सर्व नीट ‘हं’ केल्या.

आश्चर्य म्हणजे आईवाचून घर अधिकच छान चालू लागलं. आठवड्याच्या मध्यापासून तर एवढी शांतता पसरली, की बाबांना स्वतःचाच हेवा वाटला. अभ्यासाला बस म्हणून ओरडावं लागत नव्हतं. दात घास म्हणावं लागत नव्हतं. टीव्हीचा रिमोट सोफ्यावर जिथे ठेवावा, तिथेच सापडत होता. बाबा भिंगरीचं ताट वाढून, झाकून ठेवत आणि ऑफिसची कामं उरकून झोपत. सकाळी ते उठायच्या आत शाळेची बस गेलेली असे. ताट तसंच राहिलेलं दिसे. मुलीचा आहार मोजका झाला आहे, अशी त्यांनी नोंद घेतली आणि पुढच्या ताटात एक पोळी कमी केली.

आई परतायच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला.

“कसं चाललंय?”

“अगदी घड्याळासारखं. तू उगाच काळजी करतेस.”

“बरं, भिंगरीला द्या फोन.”

“भिंगरीऽऽ” बाबांनी हाक मारली. कोणी आलं नाही. त्यांनी पुन्हा मारली. दोन मांजरं आली. “आंघोळीला गेलीय वाटतं,” असं सांगून त्यांनी फोन ठेवला आणि ते न्हाणीघरात गेले. तिथे व्हेल होता. भिंगरीचा टूथब्रश नव्हता. तिच्या खोलीत दप्तर नव्हतं, गणवेश नव्हता, उशीसुद्धा नव्हती.  बाबा अनवाणीच जिन्यात धावले आणि वरच्या मजल्यावरून त्यांना भिंगरीचा आवाज आला.

वर टेलरकाकू राहत. एकट्याच. त्यांना जगात दोनच गोष्टींची आवड, लोकांची मापं आणि लोकांच्या भानगडी. दार उघडंच होतं. चिंध्यांच्या ढिगावर आपली उशी टाकून भिंगरी लोळत होती आणि हातवारे करकरून काहीतरी सांगत होती. काकूंनी पायाखालचं मशीन थांबवलं होतं, सुई अर्ध्या ब्लाउजात तशीच अडकलेली, आणि चष्मा कपाळावर चढवून त्या म्हणत होत्या, “मग? मग गं?”

“भिंगरी!” बाबा ओरडले. “तू इथे काय करतेस?”

“राहते.”

“राहते म्हणजे? कधीपासून?”

“तीन दिवस झाले. तुम्हाला विचारलं होतं की.”

विचारलं होतं. बाबा तेव्हा मोबाइलवर ‘मुलांशी मोकळा संवाद’ या विषयावरचं एक व्याख्यान ऐकत होते. मी वर राहायला जाऊ? हं. कायमची जाऊ? हं. उशी नेऊ? हं. भिंगरी म्हणाली की शेवटी बाबांनी हात हलवून टाटासुद्धा केला होता. (तो बहुधा माशी हाकलण्यासाठी होता. पण तत्त्वाप्रमाणे तोही शब्दच.)

“मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे,” टेलरकाकू म्हणाल्या. “मी म्हटलं, घरात काही बिनसलंय की काय. काही बिनसलंय का हो?”

“चल खाली,” बाबा म्हणाले. “आई उद्या येतेय.”

“आई आली की येईन ना भेटायला.”

“हे बघ, तुला काय हवंय ते सांग. सायकल हवी?”

“सायकलला तुम्ही मागेच हो म्हणालात.”

बाबांकडे देण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सगळं आधीच देऊन झालं होतं. त्यांना फार वाईट वाटलं. ते तिथेच चिंध्यांवर बसले आणि म्हणाले, “मग इथे असं काय आहे, जे आपल्या घरी नाही?”

भिंगरीने जरा विचार केला. “काकू मशीन थांबवतात,” ती म्हणाली. “आणि ‘मग?’ म्हणतात.”

“मीही म्हणेन. सांग, काय सांगत होतीस काकूंना?”

भिंगरीने संशयाने पाहिलं. पण सांगितलं. वर्गात नवी मुलगी आली होती. भिंगरीची बाकावरची मैत्रीण आता तिच्याशेजारी बसत होती.

बाबांच्या घशात सवयीचा ‘हं’ उसळून आला. तो त्यांनी जिवाच्या कराराने गिळला. डोळ्यांत पाणी आलं. गंजलेलं बिजागर हलावं तसा शब्द बाहेर पडला, “मग?”

“मग काय! मी डबा एकटीच खाते.”

“अगं, मला नाही का सांगायचंस?”

“सांगितलं होतं,” भिंगरी म्हणाली. “तेव्हा तुम्ही लांबवाला केला होता. इतका छान केलात, मला वाटलं ऐकलंत.”

यावर बाबांना तिन्हींपैकी एकही प्रकार सुचला नाही. त्यांनी मुलीला जवळ ओढलं. टेलरकाकूंनी मात्र चष्मा खाली घेतला. “ती नवी मुलगी कोणाची गं? वडील काय करतात तिचे?”

भिंगरी त्याच संध्याकाळी उशीसकट खाली आली. आई परतली तेव्हा घरात कमालीचा गोंगाट होता, भाजी करपली होती आणि नवरा हातात झारा घेऊन, चौथीतल्या मुली कशा फितूर होतात हे ऐकत उभा होता. तिने आधी त्याला ताप आहे का पाहिलं.

पुढे व्हायचं ते झालं. बाबा एके दिवशी ऑफिसात एका ग्राहकाला चुकून “मग?” म्हणाले. ग्राहकाने सांगितलं. मग दुसऱ्यानेही सांगितलं. लवकरच समाधानी ग्राहकांचं प्रमाण घसरलं आणि दुरुस्त मशीनचं वाढलं, ही बाब वरिष्ठांनी अत्यंत गंभीरपणे घेऊन बाबांना गोदामात हलवलं. तिथे सर्व मशीन नवी असून कोणाचीच कशाबद्दल तक्रार नाही. घरी आता प्रत्येक गोष्टीला “मग?” येत असल्याने कुठलाच निर्णय वेळेत होत नाही, आणि पाहुणे पूर्वीसारखं कौतुक करत नाहीत.

आपल्याकडे एवढी वेळ आलेली नाही, या विचाराने वाचकाला हायसं वाटलं असेल. वाटायलाच हवं. पण मघाशी हे वाचताना कोणीतरी तुमच्याजवळ येऊन उभं राहिलं, काहीतरी विचारलं, आणि उत्तर घेऊन गेलं. काय विचारलं, ते आठवतंय? उत्तर काय दिलंत, हे विचारायची गरज नाही. तेव्हा आता हे बाजूला ठेवा, उठा, आणि घरातली माणसं एकदा मोजून घ्या.