खगेश्वरचा उपाशी बुलबुल

खगेश्वर कलिताच्या मते आसामातल्या अख्ख्या हाजो गावात बुलबुलांची नस ओळखणारा माणूस एकच होता, आणि तो रोज सकाळी आरशात दिसायचा! आता बिहू सणाच्या झुंजीत मेहुण्याच्या, दिगंतच्या बुलबुलाने सलग दोन वर्षं त्याच्या बुलबुलाला धूळ चारली होती आणि देवळासमोर, भर गर्दीत मेहुण्याच्या गळ्यात गामोसा, म्हणजे मानाचं उपरणं, घालायची पाळी या जाणकारावर आली होती, ही गोष्ट वेगळी.

"यंदा गामोसा माझ्या गळ्यात!" त्याने घरात जाहीर केलं. "फक्त आज दुपारपासून याला कोणी काही घालायचं नाही. भुकेला पक्षीच उद्या केळ्यासाठी जिवावर उदार होऊन भांडतो. कळलं?"

"कळलं," आई म्हणाली.

"कळलं," बायको जोनाली म्हणाली.

पण उद्या बिहू, म्हणजे आज उरुका. गावभर मेजवान्या. उरुकाला दारातलं कुत्रंसुद्धा उपाशी झोपत नाही; इथे तर घरचा पाहुणा दांडीला दोरीने बांधलेला, तुरा ताठ करून प्रत्येकाच्या घासाकडे टक लावून बसलेला!

सकाळी देवळासमोर पंचाने दोन पक्ष्यांच्या मधोमध केळं धरलं. दिगंतचा बुलबुल पिसाटासारखा झेपावला. खगेश्वरच्या पैलवानाने मात्र पाचव्या वाढीकडे जावई बघतो तसं त्या केळ्याकडे बघितलं, मान पिसांत खुपसली आणि चक्क झोपला!

"दाजी, अंगाई म्हणू का?" दिगंतने विचारलं.

"आई!" खगेश्वर गरजला. "काय घातलंस याला?"

"एवढासा तिळाचा पिठा रे, सणाचं गोडधोड! उरुकाला उपाशी ठेवायचं, आणि पाप कोणाला? मलाच ना!"

"आणि तू?" तो बायकोकडे वळला.

"थोडेसेच दहीपोहे. आईंनी आधीच घातलंय, हे मला काय ठाऊक?"

"बुडवलंत मला! या घरात एक जण शब्दाला जागेल तर शपथ!"

जोनालीने शांतपणे पिशवीतून नवाकोरा गामोसा काढून त्याच्या हातात दिला.

"हा घरूनच आणलास?"

"मग! दिगंत जिंकणार, हे पहाटेच कळलं मला."

"पहाटे? ते कसं?"

"तुम्ही इकडेतिकडे बघत याला नारळाचा लाडू भरवत होतात ना, तेव्हा."

खगेश्वर पुढे झाला आणि त्याने मेहुण्याच्या गळ्यात गामोसा घातला. दोन वर्षांचा सराव होता; झोकात बसला!