या महिन्याचा शब्द

बँकेच्या फसवणूक तपास विभागात तिला सगळे चाळणीबाई म्हणत. खोटी सही, खोटा फोटो, यंत्राने बनवलेला खोटा आवाज, तिच्या नजरेतून काही निसटत नसे. त्या सकाळी मात्र चाळणीबाई स्वतःच्या टेबलाचे सगळे खण उपसून बसली होती. दुपारच्या बैठकीत टेलरकाकांच्या तक्रारीचा निकाल लागायचा होता आणि पुरावा जागेवर नव्हता.

टेलरकाका लेकीसोबत बाहेर बाकावर बसले होते. स्वतः शिवलेला नवा शर्ट घालून आले होते. त्यांना लेकीच्या आवाजात फोन आला होता. लेक अडचणीत होती, रडत होती, म्हणून काकांनी आयुष्यभराची शिल्लक सांगितलेल्या खात्यात टाकली. खरी लेक तेव्हा तिच्या घरी भांडी घासत होती. बँकेला मात्र वेगळाच संशय होता: आवाज लेकीचाच आहे आणि बापलेकीने मिळून हे नाटक रचलंय.

त्या कॉलचं काकांच्या फोनमध्ये आपोआप झालेलं रेकॉर्डिंग चाळणीबाईने पुन्हा पुन्हा ऐकलं होतं. मुलगी हमसून रडते, पण श्वास कुठेच घेत नाही. काकांना खोकल्याची उबळ येते, तरी ती आपलं वाक्य पुढे रेटत राहते. समितीला नक्कल चालणार नव्हती, काकांचा मूळ फोनच हवा होता. तो तिने साहेबांच्या परवानगीने शांतपणे ऐकायला घरी नेला होता, संध्याकाळी नीट कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं, आणि सकाळच्या गडबडीत तिथेच विसरली होती, हे सगळे खण उपसल्यावर तिला आठवलं. त्यात तिच्या स्वतःच्या मोबाइलने बसमध्येच मान टाकली होती. बटण दाबलं तरी पडदा काळाच.

तिने शिपायाचा मोबाइल मागून घेतला आणि घरी फोन लावला.

"आई, मी बोलतेय."

"मी म्हणजे कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमची सून. माझा मोबाइल बंद पडलाय, हा दुसऱ्याचा नंबर आहे. माझ्या कपाटात एक काळा फोन आहे. किल्ली डब्यात आहे बघा. आत्ता एक माणूस घरी येईल, त्याच्याकडे तो द्या. जरा घाई आहे. आणि कुणाला बोलू नका, ऑफिसचं काम आहे."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच लक्षात आलं. अनोळखी नंबर, घाई, घरी येणारा परका माणूस, कुणाला बोलू नका. फसवणुकीची ही चारही लक्षणं तिनेच मोठ्या अक्षरांत छापून घरच्या फ्रिजवर चिकटवली होती.

पलीकडून पुटपुटणं ऐकू आलं. सासूबाई वाचत असाव्यात.

"चारही आहेत," त्या म्हणाल्या. "या महिन्याचा शब्द सांग, बाई."

घरच्यांनी एक गुप्त शब्द ठरवायचा आणि तो दर महिन्याला बदलायचा, हा नियमही तिचाच. या महिन्याची पाळी सासूबाईंची होती. त्यांनी शब्द सांगितला तेव्हा चाळणीबाई लॅपटॉपमध्ये डोकं घालून "हं, हं" करत होती.

"आई, शब्द आठवत नाहीये."

"माझ्या सुनेला सगळं आठवतं. दोन वर्षांपूर्वी मी कात्री कुठे हरवली तेसुद्धा."

"मग दुसरं काहीही विचारा."

"काय विचारू? यंत्राला सगळं ठाऊक असतं, असं तीच सांगते."

"आई, प्लीज, ऐका ना माझं."

"इथेच फसलीस बघ. माझी सून ऑफिसातून इतकं गोड बोलत नाही."

शिपायाने खिडकीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

चाळणीबाईने व्हिडिओ कॉल लावला. सासूबाईंनी फोन लांब धरून डोळे बारीक केले.

"हात तोंडावरून फिरव. मान वळव. पूर्ण. आता नाक चिमटीत धर."

चाळणीबाई नाक धरून उभी असतानाच मागून साहेब आले. "बैठकीची तयारी का?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले.

"चेहरा चांगला जमवलाय," सासूबाई म्हणाल्या. "पण हल्ली चेहऱ्यावर जायचं नसतं. मी ठेवते आणि सुनेच्या नेहमीच्या नंबरवर लावते. नियम आहे तसा."

"आई, तो बंद आहे, म्हणून तर..."

फोन कट झाला होता.

नियमात खोट काढायला जागा नव्हती. हाच नियम चाळणीबाई गावभर व्याख्यानांतून सांगत फिरत असे. आता नंबर बंद लागणार आणि सासूबाई थेट पोलिसांत जाणार. बाहेर टेलरकाका लेकीला म्हणत होते, "बाई हुशार आहेत. होईल सगळं."

शिपायाचा मोबाइल वाजला.

"खोटं बोलायचं तर नीट तरी बोलावं," सासूबाई म्हणाल्या. "म्हणे मोबाइल बंद. तो इथे वाजतोय की. कपाटात, कुलपाच्या आत."

चाळणीबाईने पर्स उघडली. सकाळपासून शिव्या खात असलेला, हुबेहूब तिच्याच मोबाइलसारखा काळा फोन बाहेर काढून उजेडात धरला. त्याच्या कडेच्या खाचेत टेलरचा निळा खडू भरला होता.

"आई," ती म्हणाली, "तुमच्यासारखा माणूस आमच्या विभागात एकही नाही."

"गोड बोलू नकोस म्हटलं ना," असं म्हणून सासूबाईंनी फोन ठेवला.

शिपायाच्या चार्जरवर काकांच्या फोनमध्ये जीव आला. बैठकीत रेकॉर्डिंग लावलं. मुलगी रडत होती, काका खोकत होते, मुलगी बोलतच होती. अध्यक्ष म्हणाले, "पण यावरून..." तेवढ्यात समोर बसलेल्या काकांना खरोखरीची उबळ आली. शेजारच्या लेकीने त्यांच्याकडे न बघताच पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून ती पुढे केली आणि दुसऱ्या हाताने त्यांची पाठ चोळू लागली. फोनमधली मुलगी अजून न थांबता बोलत होती. अध्यक्षांनी वाक्य तिथेच सोडलं आणि पेन उचललं. काकांची शिल्लक परत मिळणार होती.

संध्याकाळी चाळणीबाईने घराची बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं.

"शब्द?"

"आई, मी अख्खी दारात उभी आहे."

"चेहरा सकाळीही होता."

"हे बघा, दिवसभर उपाशी आहे, चप्पल चावतेय, आणि आतल्या खोलीत कुणी नसताना पंखा चालू आहे, मला इथे ऐकू येतोय. किती वेळा सांगायचं?"

साखळी खळकन निघाली.

"ये गं," सासूबाई म्हणाल्या. "आता पटली ओळख."

चाळणीबाईने चपला काढल्या. पाण्याचा तांब्या तयारच होता. "पण तो शब्द होता तरी काय?"

"असा दारात सांगतात का? पुढच्या महिन्यात नवा ठरवू," सासूबाई पंखा बंद करायला आत जाता जाता म्हणाल्या. "तोवर अशीच भांडत ये."