राऊळकाका मासिक लावतात

आमच्या गोखिवऱ्याच्या बिल्डिंगमध्ये दुपारी बेल वाजली आणि दारात हातात काचेची मोजनळी घेतलेला माणूस दिसला, तर घाबरायचं कारण नसतं. ते राऊळकाका असतात आणि त्यांना तुमची वाटी बघायची असते. रिकामी, धुतलेली, कोरडी वाटी. ती ते उजेडात धरून फिरवतात, नळीतलं पाणी तिच्यात काठोकाठ ओततात, एक डोळा मिटून नळीवरचा आकडा वाचतात आणि विचारतात, "एकशे बावन्न मिली. मग तुम्ही आजवर शिरा करत होता तो कुठल्या आधारावर?"

काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी दुकानात शिरल्यावर त्यांची नजर आधी काट्याकडे जाते, मग मालाकडे, आणि दुकानदाराकडे जातच नाही. वसईतल्या होळी नावाच्या भागातल्या बाजारात त्यांनी एकदा मेथीच्या चार जुड्या खिशातल्या स्प्रिंगकाट्याला लटकवल्या. चार जुड्या, चार वजनं. भाजीवाली त्यांच्याकडे शांतपणे बघत म्हणाली, "सायेब, पानी मारलंय थोडं. नि जुडी माझ्या मुठीची हाय, सरकारच्या नाय." काका पिशवी रिकामी घेऊन घरी आले आणि दोन दिवस मुठीवर विचार करत राहिले.

बोलताना प्रत्येक वाक्याला ते "नोंद घ्या" जोडतात. नोंद घ्या, आज पाणी सव्वासहालाच गेलं. नोंद घ्या, तिसऱ्या मजल्याची एक पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे लोकांच्या चुका काढायचा हक्क आपलाच आहे अशी माझी समजूत. शेजारच्या फ्लॅटमध्ये या हक्काचा दुसरा मालक निघाला, तेव्हा आमचं काही दिवस जमलं नाही. नंतर त्यांनी माझ्या प्रश्नपत्रिकेतल्या गुणांची बेरीज दोनने जास्त होते हे दाखवून दिलं आणि मी मुकाट्याने त्यांना काका म्हणू लागले.

वाट्यांचं प्रकरण मात्र मी अजून विसरलेले नाही. बिल्डिंगमधल्या अकरा घरांतून त्यांनी एकेक वाटी 'पडताळणीसाठी' नेली आणि वसईच्या बाजारात भांड्यांवर नावं घालणाऱ्या माणसाकडून प्रत्येकीवर तिचं माप कोरून आणलं. माझी वाटी लग्नातली. तिच्यावर आधी होतं, 'चि. सौ. कां. वासंती हिस मामाकडून सप्रेम भेट.' त्याच्या खाली आता आहे, '१५२ मिली, पडताळले.' माझ्या मामाला कुणीतरी तपासून पास केलंय असं वाटतं.

आणि अशा माणसाच्या घरात राऊळकाकू. काकू सावंतवाडीकडच्या, आणि त्यांनी आयुष्यात काही म्हणजे काही मोजलं नाही. हात डब्यात गेला की जेवढं यायचं तेवढंच येतं. त्यांचं काळ्या वाटाण्याचं सांबारं आमच्या मजल्यावर वाटीवाटीने फिरतं आणि ज्या घरी पोचत नाही त्या घरात चार दिवस धुसफूस असते. आम्ही कृती विचारली की काकू ओशाळून म्हणायच्या, "काय नाय गो, असाच अंदाजान." काका तिथे असले तर कपाळावर हात मारायचे.

म्हणूनच जेव्हा काकांनी जाहीर केलं की ते पाककृतीचं मासिक लावणार आहेत आणि तेही काकूंसाठी, तेव्हा बिल्डिंगमध्ये हसावं की भांडावं कळेना. तळमजल्यावरच्या रोझीताई भांडायच्या बाजूच्या होत्या. जिन्याजवळच्या बाकावर बसून त्यांनी निकाल दिला, "चाळीस वर्षं रांधलेल्या बाईला हा माणूस पुस्तकातून शिकवणार. मी असते ना, तर पुस्तकासकट घराबाहेर काढला असता." आम्हा सगळ्यांचं तेच मत होतं. मासिक कुठलंही आलं, तरी अपमान काकूंच्या हाताचा होणार होता.

काका स्टेशनबाहेरच्या पेपरवाल्याकडून चार मासिकांचे अंक घेऊन आले. निवड शास्त्रशुद्ध व्हावी म्हणून समिती नेमली. समितीत ते आणि मी. मला का, तर मी दोनला घरी येते आणि माझ्याकडे लाल पेन्सिली असतात.

पहिल्या मासिकात लिहिलं होतं, 'बोटभर आलं.' काकांनी बिल्डिंगमधल्या चार बायकांची बोटं फूटपट्टीने मोजली. रोझीताईंनी मधलं बोट पुढे केलं की तर्जनी, यावर त्या दोघांचा जिन्यात वाद झाला. दुसऱ्यात होतं, 'लिंबाएवढा गूळ.' काकांनी होळीच्या बाजारातून सात लिंबं आणली, सातही वेगवेगळ्या आकारांची, आणि पुढचा आठवडाभर दोघं सरबत पीत बसली. 'कांदा गुलाबी होईपर्यंत परतावा' हे वाचल्यावर ते सरळ नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि रंगाच्या कंपनीचं कार्ड मागून आणलं. त्यावर गुलाबीच्या चौदा छटा होत्या. कढईच्या वर कार्ड धरून ते कुठली छटा ते ठरवत असताना कांदा चॉकलेटी झाला.

सगळ्यात मोठी मोहीम शिट्ट्यांची. 'कुकरच्या तीन शिट्ट्या कराव्यात' या वाक्यात वेळ कुठेच नाही, हा त्यांचा आक्षेप. एका रविवारी सकाळी ते घड्याळ घेऊन मजल्यामजल्यावर फिरले आणि आठ कुकरांच्या शिट्ट्यांची वेळ घेतली. आमचा कुकर सर्वात आळशी निघाला. यजमानांना हे फार लागलं आणि त्यांनी त्याच संध्याकाळी कुकरची रिंग बदलली.

चौघा संपादकांना पत्रंही गेली. त्यांची प्रत मला शुद्धलेखन तपासायला मिळाली. 'आपल्या अंकात सतरा ठिकाणी चवीपुरते मीठ असा उल्लेख आहे. चव व्यक्तिपरत्वे बदलते. कृपया ग्रॅममध्ये कळवावे.' एका संपादिकाबाईंनी उत्तरादाखल चटण्यांची पुस्तिका भेट पाठवली. काकांनी ती धन्यवादासह परत केली, कारण तिच्यातही मीठ चवीपुरतंच होतं.

हे सगळं चाललं असताना रोज एक पदार्थ करून बघायचा नियम होता. काका ओट्याशेजारी स्टूल टाकून बसायचे, अंक मांडीवर, पेन्सिल कानावर, आणि मोठ्याने वाचायचे. "पायरी एक. तेल तापत ठेवा." काकू तेल ठेवायच्या. काका खूण करायचे. "पायरी दोन." काकू खाली मान घालून एकेक पायरी करत. जिच्या हाताला बिल्डिंगभर मान होता, ती बाई मोहरी घालायला नवऱ्याच्या परवानगीची वाट बघतेय, हे मला बघवेना. एक दिवस मी काकांना जिन्यात गाठलं आणि स्पष्ट सांगितलं की हा काकूंचा अपमान आहे, आम्हाला कुणालाच आवडलेलं नाही. ते भांडतील असं वाटलं होतं. पण नुसते म्हणाले, "नोंद घेतली," आणि दळणाचा डबा उचलून खाली गेले.

पुढचं लिहिण्याआधी मी काकांना विचारलं आहे. आता बिल्डिंगमध्ये सगळ्यांनाच ठाऊक आहे, त्यामुळे लिहा म्हणाले, फक्त आकडे चुकवू नका.

शेवटच्या फेरीत दोन मासिकं उरली. एक गुळगुळीत कागदाचं, पानापानावर फोटो, नुसतं चाळलं तरी भूक लागेल असं. माझं मत त्यालाच होतं. दुसरं अगदीच गरीब दिसणारं. कागद पिवळट, फोटो एकही नाही, अक्षर मोठं, प्रत्येक पायरीला वेगळी ओळ आणि ओळीच्या पुढे एक छोटी रिकामी चौकट. मी त्याला बालवाडीचं पुस्तक म्हणाले होते. अंतिम परीक्षा शनिवारी दुपारी, माझ्यासमोर.

आधी फोटोवाल्या मासिकाची पाळी. पदार्थ साधाच, पण कृती एका दमात लिहिलेली, अर्ध्या पानाचा एकच परिच्छेद. या वेळी काकांनी वाचून दाखवलं नाही. अंक काकूंच्या समोर उभा करून ठेवला आणि स्वतः गप्प बसले. काकूंनी वाचलं, वळून कढईत बघितलं, परत पानाकडे बघितलं. बोट वरच्या ओळीवर गेलं, मग खालच्या. मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या. काकांनी गॅस बंद केला, अंक मिटला आणि म्हणाले, "नापास." काकूंना धड संधीही दिली नाही म्हणून मी मनातून चिडले होते.

मग पिवळ्या मासिकातून काळ्या वाटाण्याचं सांबारं. काकूंचा हा हातखंडा पदार्थ, तोही पुस्तक बघून. एकेक पायरी होत होती, काका एकेका चौकटीत लाल खूण करत होते. तेवढ्यात बेल वाजली. इस्त्रीवाला होता. काका दाराकडे गेले आणि मी फोटोवाला अंक उघडून त्यातला केक बघत बसले.

"मीठ घातलंय काय गो मी?"

मी वर बघितलं. मिठाचा चमचा पातेल्यावर धरून काकू उभ्या होत्या. थट्टा नव्हती. त्या खरोखर विचारत होत्या, आणि इतक्या हळू की ओट्यापलीकडे ऐकू जाऊ नये. माझं लक्षच नव्हतं. मी म्हटलं, "नाही वाटतं, काकू." चमचा कलता झाला आणि काका आत आले. धावले नाहीत. अंक काकूंपुढे सरकवून त्यांनी पाचव्या चौकटीवर बोट ठेवलं. तिथे लाल खूण होती.

काकूंनी ती बघितली. चमचा बरणीत परत रिता केला. "घातलंय," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मला तिथे उभं राहवेना.

गॅलरीत काका माझ्यामागे आले. त्यांनी इस्त्रीच्या कपड्यांची घडी तीनदा सारखी केली आणि मग सांगितलं. गेल्या गणपतीत गावी, सगळ्या जावा-नणंदांसमोर, काकूंच्या भाजीत दोनदा मीठ पडलं आणि खिरीत गूळ पडलाच नाही. कुणीतरी हसलं. काकू दोन दिवस स्वयंपाकघराकडे फिरकल्या नाहीत. डॉक्टर झाले, गोळ्या चालू आहेत. गोळ्यांनी सगळं परत येणार नाही, हे दोघांनाही माहीत आहे. तेव्हापासून ते असं मासिक शोधत होते, ज्यात बघितलं की आपण कुठवर आलो ते तिचं तिला कळेल.

"मग आमच्या वाट्या, शिट्ट्या, ती लिंबं..." मी म्हटलं.

"वेड आधीपासून होतंच, नोंद घ्या. या वर्षी जरा मोकळं सोडलं." ते खाली बाकाकडे बघत होते. "मी असा वागलो की सगळे मला हसतात. तिला मी वाचून दाखवतो ते माझ्या विक्षिप्तपणात खपून जातं. नवरा छळतो म्हणतात. म्हणू देत. तिला विसरते म्हणू नयेत. बाई, तिला या वसईत, या बिल्डिंगीत, कुठेच दुसरी ओळख नाही हो. लोक तिला हातानेच ओळखतात."

मी जिन्यात या माणसाला अपमानावर भाषण दिलं होतं. लाज वाटली, आणि ती अजून वाटते. मी एवढंच विचारलं की वर्गणीचा फॉर्म भरून देऊ का. त्यांनी खिशातून काढून दिला. वर्गणीदाराच्या नावाच्या रकान्यात मी काकूंचं पूर्ण नाव लिहिलं, सुलोचना गजानन राऊळ. काकांनी ते दोनदा वाचलं आणि बरोबर आहे म्हणाले.

निघताना काकूंनी सांबाऱ्याची वाटी हातात दिली. चव नेहमीची, मीठ अगदी बरोबर. मी जिन्यातच उभी राहून बोटाने चाखलं आणि डोळे पुसून खाली गेले.

बाकावर रोझीताई आणि बाकीच्या वाटच बघत होत्या. काय ठरलं, म्हातारा ताळ्यावर आला की नाही, काकू बिचाऱ्या कशा सहन करतात, सगळे प्रश्न एकदम आले. मी बसले, पदर खोचला आणि सांगायला सुरुवात केली. काकांनी फोटोवालं सुंदर मासिक कसं नापास केलं, बालवाडीचं पुस्तक कसं लावलं, कांद्यासमोर रंगाचं कार्ड कसं धरतात, ते उभं राहून करून दाखवलं. इस्त्रीवाल्याच्या शर्टांचीही लांबी मोजली म्हणून सांगितलं, जे त्यांनी अजिबात केलं नव्हतं. रोझीताईंना हसून हसून ठसका लागला. "येडाच आहे तो मनुष्य," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, पूर्ण येडा, आणि वाटी मध्ये ठेवली. सगळ्यांनी बोटं बुडवली, काकूंचा हात तो काकूंचा हात म्हणाल्या, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही राऊळकाकांनाच हसत बसलो.