ती येतेय

अंदाज एक वेळ चुकेल, पण आपण चुकणार नाही, असा अंदाजेंचा बाणा होता. अंदाजे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. डोंगरातल्या त्या गावात ते हवामान कचेरीत होते आणि रोज संध्याकाळी रेडिओवर उद्याचं हवामान सांगत. त्यांनी ऊन सांगितलं की पाऊस ठरलेला, म्हणून गावानं प्रेमानं ठेवलेलं हे नाव. त्यांनी 'आकाश निरभ्र' म्हटलं की त्यांची बायकोसुद्धा छत्री घेऊन बाहेर पडायची.

या शरदात मात्र बायको छत्रीसकट खाली मैदानात होती, लेकीच्या बाळंतपणाला. "थंडीच्या आत येते," म्हणून गेली होती. खिंडीत एकदा बर्फ पडलं की रस्ता थेट वसंतापर्यंत बंद. झाडं पिवळी पडली, गळायला लागली, तरी तिचा पत्ता नाही. फोनवर ती नातवाच्या ढेकरांचं कौतुक सांगायची. अंदाजेंना विचारायचं असायचं, "कधी येतेस?" तोंडातून निघायचं, "तिकडे हवेत दमटपणा किती आहे?" सकाळी ते अजूनही दोन कप चहा टाकत आणि दोन्ही स्वतःच पीत. घर खायला उठलं होतं.

एके दिवशी सकाळी कचेरीतून फोन आला. अंदाजे बोलत होते, "हो, ती येतेय. उद्या दुपारी खिंड ओलांडेल. या खेपेला मुक्काम मोठा आहे."

ते बोलत होते थंडीच्या लाटेबद्दल. पण त्या घरात नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. 'ती' म्हणजे एकच. अंदाजेंचे वडील, अण्णा, एरवी शेजारी फटाका फुटला तरी "काय म्हणालास?" विचारायचे, पण हे त्यांनी नेमकं ऐकलं. त्यांनी सून येणार असल्याचं गॅलरीतून शेजारच्या शिंप्याला सांगितलं, शिंप्यानं न्हाव्याला.

दुपारी अंदाजे दाढीला बसले, तर न्हावी म्हणाला, "साहेब, वहिनी उद्या येताहेत म्हणे. मिशीला जरा काळा हात मारू?"

अंदाजे अर्ध्या दाढीनिशी घरी धावले. "अण्णा, ती येतेय?"

"येतेय तर. उद्या दुपारी खिंड ओलांडेल. मुक्काम मोठा आहे."

हे आपलेच शब्द आहेत, हे आनंदाच्या भरात अंदाजेंच्या ध्यानात आलं नाही. बसही दुपारीच खिंड ओलांडायची, तेव्हा हिशेब जुळला. थंडी त्याच सुमाराला येणार होती, पण बस तिच्या जरा पुढे असेल, असा त्यांनी अंदाज केला. आपल्याला कळवलं नाही, म्हणजे तिला गंमत करायची असणार. मग फोन करून विचका कशाला करायचा?

संध्याकाळी त्यांनी रेडिओवर सांगितलं, "उद्या दुपारपासून थंडीची तीव्र लाट. खिंडीत बर्फ पडेल. घाटातला प्रवास टाळावा." बायको हे ऐकते, हे त्यांना ठाऊक होतं. मानत नाही, हेही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी कवळी बसवली. अंदाजेंनी तिनं आणलेला पातळ निळा शर्ट घातला. वरून स्वेटर घातला तर शर्ट दिसणार कसा? स्टँडवर शिंपी आणि न्हावी कानटोपी घालून आधीच हजर होते. वारा सुटला, अंदाजेंचे दात वाजायला लागले आणि टपावर बर्फ घेऊन बस आली. ड्रायव्हर उतरला, कंडक्टर उतरला. बस्स.

"ही शेवटचीच फेरी. रिकामी आलो," कंडक्टर कौतुकानं म्हणाला. "साहेब, काल तुमचं ऐकून कुणी बसलंच नाही."

घरी पोहोचतात तोच फोन वाजला. तीच होती.

"आज निघणार होते हो, तुम्हाला न सांगता. पिशवी भरून तयार होती. मग रेडिओवर तुमचा आवाज ऐकला. लेक म्हणाली, आई, बाबांचं कधी खरं होतं का? मी म्हटलं, आयुष्यात एकदा तरी माणसाचं ऐकावं."

"करमत नाही गं तुझ्याशिवाय," अंदाजे लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाले आणि सणसणीत शिंकले.

"स्वेटर घातला नाहीत ना?"

"घातलाय."

"आता नाही हं विश्वास ठेवायची."

फोन ठेवला, तोवर आतून अण्णांनी विचारलं, "आली का रे ती?"

खिडकीबाहेर रस्ता पांढरा होत चालला होता. अंदाजेंनी सवयीनं दोन कप आधण ठेवलं.

"आली, अण्णा," ते म्हणाले. "मुक्काम मोठा आहे."